विचार मंचाचा तिसरा नियम

गहाण्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दर रविवारी सकाळी नऊ वाजता देशाचं धोरण ठरत असे. बावीस वर्षं ठरत होतं. देशाला त्याचा पत्ता नव्हता ही गोष्ट वेगळी, पण पिपरबोडीच्या विचार मंचाने आपल्या कामात कधी कसूर केली नाही. निवडणूक आयोगाला सूचना, रेल्वे खात्याला समज, दोन शेजारी राष्ट्रांना सबुरीचा सल्ला, असे चारशेवर ठराव जाडजूड रजिस्टरांत गाढ झोपले होते. त्यातला एकही कधी पोस्टात पडला नव्हता, आणि उपाध्यक्ष भैयालाल तर पोस्टातूनच निवृत्त झाले होते.

मंचाचे नियम तीन. वेळेवर यावे. एका वेळी एकानेच बोलावे. आणि तिसरा, लाल शाईतला: चर्चेत आपल्या गावाचे, गावातील व्यक्तीचे अथवा मालमत्तेचे नाव घेऊ नये.

हा तिसरा नियम अध्यक्ष कुंजीलाल गहाणे मास्तरांचा. बावीस वर्षांपूर्वी पहिल्याच बैठकीत विषय निघाला तलावाच्या पाण्याच्या पाळीचा, आणि दोन चुलतभावांनी एकमेकांची गचांडी धरली. मास्तर घाबरले. घाबरले असं मात्र ते म्हणाले नाहीत, चर्चेची पातळी उंचावली पाहिजे असं म्हणाले. तेव्हापासून पातळी इतकी उंचावली की सपरीतून तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, समोर दिसते म्हणून खुर्च्याही तिच्याकडे पाठ करून मांडल्या जाऊ लागल्या.

आजचा विषय होता नदीजोड.

आत चुलीपाशी चंद्रावतीबाई चहा उकळत होत्या. मास्तरांशी लग्न होऊन त्यांना पंचावन्न वर्षं झाली होती, त्यातली बावीस रविवारच्या चहाची. बाहेर कोण कुठल्या शब्दानंतर खाकरतो हे त्यांना पाठ होतं. मागच्या दाराने उदाराम आत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब रे, आधी त्याहिच्या नद्या जोडून होऊ दे, मंग चहा देतो."

उदाराम गावचा पाणकर. तलावाचा तुडूम, म्हणजे पाळीच्या पोटातलं पाणी सोडायचं दार, तोच उघडायचा आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती पाणी जायचं ते तोच पाहायचा. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या गावात हे काम देवाच्या पुजाऱ्याइतकं मोठं. पण तो मंचाचा सभासद नव्हता, त्यामुळे पुढच्या दाराने यायची त्याला हिंमत नव्हती. त्याच्यामागे चंद्रावतीबाईंची धाकटी सून योगेश्वरी उभी होती, चिखलाने भरलेल्या पायांनी, हातात एक कागद घेऊन.

"चहा ठेवा बाजूले, मामी," उदाराम म्हणाला. "तुडमाले कुलूप आहे. काल सांजच्याले उघडाले गेलो त हा एवढा साखरदंड. आन् हा कागद चिकटवला होता."

"कुलूप? तुडमाले?"

"शेवटचं पानी द्याची पाळी आहे, आत्याबाई," योगेश्वरी म्हणाली. "माहा भारी धान निसवून राहिला, लोंब्या बाहेर पडून राहिल्या. बांधीले भेगा पडल्या. दोन-तीन दिवसांत पानी नाई पोचलं त सारा पोचा निघंल."

चंद्रावतीबाईंनी पातेलं उतरवलं. योगेश्वरीचा नवरा केवलराम ट्रकवर असतो, नागपूर-रायपूर. महिन्यातून चार दिवस घरी. पाटाच्या अगदी टोकाची अडीच एकर ती एकटी करत होती. वाटणीत ती टोकाची जमीन धाकट्याला जावी म्हणून त्याला समजावलं होतं खुद्द चंद्रावतीबाईंनीच. थोरल्या भुवनेश्वरने तेव्हा पाळीखालची जमीन घेतली आणि पुढे बोअरही मारली. त्याला आता तलावाची गरज राहिली नव्हती.

"का लिवलं आहे त्याच्यात?"

योगेश्वरीने कागद सरळ केला. "तलावाचं सौंदर्यीकरन. नाव चालवतीन म्हने, बसाले बाक, फिराले रस्ता. म्हनून पानी वर्षभर एकाच पातळीवर ठेवाचं. तलावाखालच्या शेतकऱ्यायची संमती आहे म्हने. जोडपत्र, विचार मंचाचा ठराव क्रमांक चारशे तीन. खाली सही सरपंचाची."

सरपंच म्हणजे थोरली सून शामकला. ती तिथेच कोपऱ्यात कप पुसत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला. दोघी जावा वाटणीपासून कामापुरतंच बोलत, त्यामुळे कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

बाहेर भुवनेश्वर, मंचाचा सचिव, गोदावरीच्या खोऱ्याबद्दल वडिलांनी सांगितलेलं एक वाक्य रजिस्टरात उतरवत होता. आतली कुजबूज त्याच्या कानावर पडत होती आणि कशाबद्दल आहे तेही त्याला कळत होतं. तो फारसा बिचकला नाही. उद्या सोमवारी तालुक्याहून माणसं मोजमापाला येणार, तोपर्यंत पाणी उतरायला नको, एवढाच त्याचा हिशेब. एकदा योजना मंजूर झाली की लोक विसरतात. लोक सगळंच विसरतात असं त्याचं दोन वर्षांच्या सरपंचकीत पक्कं मत झालं होतं. सरपंचकी बायकोच्या नावावर, कारण जागा महिलेसाठी राखीव, पण खुर्चीत तो बसायचा.

आणि बापाबद्दल तर त्याचं मत त्याहूनही पक्कं होतं. भादव्यात त्याने मंचापुढे विषय ठेवला, 'लघु जलाशयांचा पर्यटनात्मक विकास: एक धोरण'. पिपरबोडीच्या तलावाचा विषय असं म्हटलं असतं तर तिसरा नियम आडवा आला असता, आणि पाठोपाठ अर्धा गाव. धोरण म्हटल्यावर मंडळी खुलली. दोन तास बोलली. भैयालाल सोडले तर सगळे जण याच तलावाखाली शेती करणारे, सगळ्यांनी खाली सह्या केल्या, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की लघु जलाशय म्हणजे तो, ज्याच्याकडे आपण पाठ करून बसलोय. भुवनेश्वरला त्या दिवशी हसू आवरत नव्हतं. थोडी कीवही आली होती, पण ती त्याने घरी नेली नाही.

योगेश्वरी सपरीत आली आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. बावीस वर्षांत त्या खुर्च्यांवर बाई बसली नव्हती. भैयालाल 'गंगा-कावेरी' म्हणता म्हणता 'गंगा'वरच थांबले.

"मामाजी, ठराव चारशे तीन आठवते का तुमाले?"

मास्तरांनी चष्मा सावरला. सभा चालू असताना ते शुद्ध बोलत. "चारशे तीन? उत्तम ठराव होता तो. संतुलित होता. जलपातळी कायम राखण्याची दुरुस्ती माझीच."

"मले वाटलंच. वाचू का?"

"वाच, वाच."

तिने वाचलं. "'नौकाविहार व स्थलांतरित पक्षी यांच्या हितास्तव जलपातळी वर्षभर कायम राखावी, आणि त्याकरिता विसर्गद्वारे बंद ठेवावीत.' ही तुमची दुरुस्ती?"

"शब्दशः," मास्तर म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं.

"त तुमचं विसर्गद्वार बंद झालं काल. उदाराम कुलूप पाहून आला. तो आपला तलाव होता, मामाजी."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग भुवनेश्वरकडे, मग पुन्हा तिच्या हातातल्या कागदाकडे. त्यांना समजायला जेवढा वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा कमी लागला. मूर्ख नव्हते ते. हुशार माणसाने बावीस वर्षं एवढ्या मेहनतीने मूर्खपणा करावा, हेच तर वाईट होतं.

"त्यात गावाचं नाव नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"तुमी नाव घेऊच कुठं देता?"

भैयालालना वाटलं आपण काही बोललं पाहिजे. त्यांची शेती दुसऱ्या गावात, दुसऱ्या तलावाखाली होती, त्यामुळे ते नेहमी निःपक्षपाती असत. "मास्टरजी, मेरा तो कहना है, तीन जणांची एक अभ्यास समिती नेमू. पंधरा दिवसांत अहवाल."

"पंधरा दिवसांत माह्या धानात दाना भरत नाई, काका. भुसा भरते."

"बेटा, बात उसूल की है. तत्त्व पहिले ठरलं पाहिजे."

"तत्त्व तुमी ठरवा. मले पानी पाह्यजे."

मास्तरांनी भुवनेश्वरच्या पुढचं रजिस्टर ओढून घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. "ठराव मागे घेऊ," ते म्हणाले. "लिहितो मी. 'काही लघु जलाशयांच्या बाबतीत, काही ठिकाणी, पूर्वीच्या ठरावाचा विपर्यास होण्याची शक्यता लक्षात घेता...'"

"पिपरबोडी लिवा," योगेश्वरी म्हणाली.

पेन थांबलं.

"तालुक्याचा साहेब 'काही ठिकाणी' वाचून कोनतं कुलूप काढंल? पिपरबोडी लिवा. तलाव लिवा. तुडूम लिवा. आमाले न सांगता ठराव कोनं पाठवला तेही लिवा."

कुंजीलालांना तिचं म्हणणं पटलं होतं. हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे, पटलं होतं. पण गावाचं नाव लिहिलं की पुढच्या ओळीत मुलाचं नाव येणार होतं. आणि त्यापुढे, न लिहिताही कोणालाही वाचता येईल असं, हे येणार होतं की अध्यक्षांना त्यांच्याच मुलाने, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच सपरीत उल्लू बनवलं. चारशे ठरावांचा मान त्या एका ओळीत जाणार होता. त्यांना तो मान फार प्रिय होता. सुनेच्या धानापेक्षा प्रिय होता का, असं कोणी विचारलं असतं तर ते चिडले असते, आणि उत्तर दिलं नसतं. बोटं पेनावर घट्ट झाली आणि कागदावर नुसता एक ठिपका पडला.

"प्रक्रिया असते, योगेश्वरी," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी..."

ती उठली. "पुढच्या रविवारी मी तुमाले पोचा धान आनून दाखवतो. त्याच्यावर ठराव करा."

मास्तरांच्या मागून चंद्रावतीबाई पुढे आल्या. पदर खोचलेला, हात ओले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. त्या सरळ थोरल्या मुलासमोर उभ्या राहिल्या.

"भुवन, वाटनीच्या दिवशी तू का बोलला होता? माह्यासमोर. तलावाची आन घेऊन."

"माय, आता कायले ते..."

"शेवटचं पानी पयले टोकाले. असं बोलला होता का नाई? त्याच बोलीवर म्या धाकट्याले ते टोक घ्याले लावलं. मले खोटं पाडून राहिला तू."

"पुऱ्या गावाचा विकास होऊन राहिला," भुवनेश्वर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "हायवे चार कोसावर. सडक अर्जुनीवरून गाड्या येतीन, लोक येतीन, पोराईले काम भेटंल. अडीच एकरासाठी तलाव रिकामा करू का? आन् बोअर मारा ना. म्या मारली."

"तुह्या बोअरनं टोकाची विहीर आटली," दारातून उदाराम म्हणाला. तो अजून उंबऱ्याच्या आतच होता.

"तू चूप राह्य."

"कुलूप कोनं लावलं?" चंद्रावतीबाईंनी विचारलं. "एवढं सांग."

भुवनेश्वरला इथे एक सोपी वाट दिसली. सोपी वाट दिसली की तो तीच धरायचा, हा त्याचा स्वभाव बापाहून वेगळा नव्हता. "म्या नाई लावलं," तो म्हणाला. "सरपंचानं लावलं. सही पाहा ना कोनाची आहे ते."

सगळ्यांच्या नजरा शामकलाकडे वळल्या. ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, आठ कप, नेहमीप्रमाणे.

दोन वर्षं शामकला बोट दिसेल तिथे सही करत आली होती. नवऱ्याचं बोट कागदावर टेकायचं, ती त्याच्या बाजूला नाव लिहायची. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तिचा फोटो होता, तोही लग्नातला कापून लावलेला. गुरुवारी हाच कागद पुढे आला तेव्हा तिने विचारलं होतं, हे कायचं आहे. 'तुले नाई समजत,' एवढं उत्तर मिळालं होतं. योगेश्वरीच्या धानासाठी तिचा जीव तुटत होता अशातला भाग नाही. धाकट्या जावेचं तोंड तिला आवडत नव्हतं, आजही आवडलं नव्हतं. पण भरल्या सपरीत, सासऱ्यासमोर, परक्या भैयालालसमोर, त्याने स्वतःचा हात झटकून तिचं नाव पुढे केलं. ते तिला लागलं, आणि चांगलंच लागलं.

तिने ट्रे रजिस्टरच्या उघड्या पानावर ठेवला. चहा सांडला. मास्तर 'अगं अगं' म्हणाले.

"म्या लावलं ना कुलूप? त मीच काढतो. किल्ली द्या."

"घरात जा," भुवनेश्वर म्हणाला.

"किल्ली तुमच्या खिशात आहे. सरपंचाची आहे ना ती?"

"शामकला, लोकाईत तमाशा करू नको."

"सरपंच मी आहो का तुमी, तेवढं सांगा लोकाईले."

कोणीतरी फसकन हसलं. बहुधा भैयालालच, कारण त्यांनी लगेच तोंडावर रुमाल धरला. भुवनेश्वरने खिशावर हात ठेवला, आणि किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना दिसलं. त्याने ती दिली मात्र नाही.

"सरकारी कामात अडथळा होते," तो म्हणाला. "केस होईल. मले मंग काई सांगू नको."

"माह्यावर होईल. सही माहीच आहे." ती दाराकडे वळली. "उदाराम, गोठ्यातली सब्बल घे, साखरदंड तोडाची."

उदाराम क्षणभर घुटमळला. मग पहिल्यांदाच सपरीतून, खुर्च्यांच्या मधून चालत पुढच्या दाराने बाहेर पडला. त्याच्यामागे शामकला, तिच्यामागे योगेश्वरी. दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. चंद्रावतीबाई दारापर्यंत गेल्या, तिथून वळून थोरल्याला म्हणाल्या, "आज सांजच्याले शामकला माह्या चुलीवर जेवंल. तिले काई बोलाचं असंल त मले येऊन बोल."

सभासदांतलेही काही जण त्यांच्यामागे उठून गेले, आणि सपरीत चार खुर्च्या भरलेल्या आणि चार रिकाम्या राहिल्या. भुवनेश्वर फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारू लागला, पण रविवार असल्यामुळे तालुक्याचा साहेब फोन उचलत नव्हता. भैयालालनी ओल्या पानावरचा चहा रुमालाने टिपला.

"मास्टरजी," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कोरम तो है अपना. पुढे चालू ठेवायचं का?"

कुंजीलाल मास्तरांनी चपला शोधल्या, एक भलत्याचीच पायात घातली, आणि बाहेर पडले. वाटेत त्यांना स्वतःची लाज वाटली, खरोखरची, छातीत दुखावं तशी. दहा पावलं ते नुसते लाजतच चालले. अकराव्या पावलाला त्या लाजेचं एक वाक्य झालं. मग दुसरं. देवळापर्यंत येता येता त्यांच्या मनात एक छोटेखानी भाषण तयार झालं होतं, चूक कबूल करणारं, पण डौलदार.

पाळीवर बरीच माणसं जमली होती. पिपरबोडीत बातमी पोचायला मंच लागत नाही. साखरदंड गवतात पडला होता. कुलूप शामकलाच्या हातात होतं, तुटलेलं, आणि ते कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं. उदाराम गळ्यापर्यंत पाण्यात उतरून तुडमाची बुचं एकेक करून ओढत होता. योगेश्वरी फावडं घेऊन पाटाच्या कडेकडेने खाली निघाली होती, वाटेतली माती काढत, आपल्या बांधीच्या दिशेने. तिला इथे थांबायला वेळ नव्हता.

सगळ्यांना दिसेल अशी जागा मास्तरांनी शोधली. ती पाटाच्या तोंडाशी होती, कोरड्या पाटातच, अगदी मधोमध. ते तिथे उतरले, हात मागे बांधले आणि खाकरले. काही लोक वळले, जुन्या सवयीने.

"मित्रहो," मास्तर म्हणाले, "आजचा प्रसंग आपल्या सर्वांना अंतर्मुख करणारा..."

"मास्तर, बाजूले व्हा," उदाराम पाण्यातून ओरडला. "पानी येऊन राहिलं."

मास्तर बाजूला झाले.